अण्णा घाबरलेले आहेतच

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यात, आईवडील बीड जिल्ह्यात गावी. अण्णांचं वय ५६, शेती करतात. दोन महिन्यांपूर्वी गावातल्या शिबिरात त्यांची शुगर २९० आणि बीपी १७०/१०४ निघालं. गोळ्या लिहून दिल्या, त्या देवळीत तशाच पडून आहेत. "माझ्या नखात रोग नाही," एवढंच अण्णांचं उत्तर. तुम्ही त्यांना पाय कापलेल्या पेशंटांचे, डायलिसिसचे व्हिडिओ पाठवलेत, तर आता ते तुमचा फोन उचलून थेट आईच्या हातात देतात. आणि हाच माणूस कोरोनात सख्ख्या भावाला उंबऱ्याच्या आत घेत नव्हता. परवा गल्लीतला ३८ वर्षांचा मुलगा हार्ट अटॅकनं गेला, तर दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता तालुक्याला जाऊन ईसीजी काढून आला. शेवटी तुम्ही विचारलंय, "सर, यांना नेमकी भीती कशी घालू?"

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पंचवीसहून जास्त वर्षं प्रॅक्टिस करतोय. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. कधी मुलगा विचारतो, कधी सून. तुमच्या लिहिण्यातली एक ओळ मात्र मी दोनदा वाचली. तुम्ही जाता जाता लिहिलंय की अण्णांनी यात्रेत एका माणसाकडून तीन हजारांचा काढा घेतलाय आणि रोज सकाळी कारल्याचा रस पितात. आता मला सांगा, ज्याला कसली भीतीच नाही, तो शेतकरी माणूस तीन हजार रुपये काढून कशाला देईल? तेही सोयाबीनचा भाव असा पडलेला असताना? अण्णा घाबरलेले आहेत, चांगलेच घाबरलेले आहेत. तेव्हा भीती कशी घालायची हा प्रश्न बाजूला ठेवू. त्यांच्याजवळ आहे ती भीती काढ्याकडे वळली, गोळीकडे का वळली नाही, हे बघू.

त्याआधी दोन-तीन गोष्टी, कारण सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे.

शिबिरातल्या एका आकड्यावर निदान करू नका. अण्णा उन्हातून चालत आले असतील, रांगेत तासभर उभे असतील, तंबाखू तोंडात असेल, तर बीपी वर दिसतं. शुगर जेवणानंतरची असेल तर तेही बघावं लागतं. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ६.५ किंवा त्याहून जास्त, असं पुन्हा तपासून आलं की मग मधुमेह म्हणायचं. २९० बघता बहुधा तो असणारच, पण "पुन्हा एकदा खात्री करू" हे वाक्य अण्णांसारख्या माणसाला "तुम्हाला शुगर आहे" यापेक्षा पुष्कळ सोपं पडतं. ते खरंही आहे, त्यामुळे बिनधास्त वापरा.

दुसरं, बीपी १८०/१२० च्या वर असून छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलताना जीभ अडखळतेय, एका बाजूचा हातपाय लुळा पडतोय. किंवा शुगर खूप वाढून उलट्या होतायत, माणूस गुंगीत आहे, असं काही असेल तर खाली मी जे लिहिणार आहे त्यातलं काहीही करत बसू नका. १०८ लावा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. लकव्यात पहिले साडेचार तास फार मोलाचे असतात. ते "वारं गेलंय, अमुक गावचं औषध देऊ" यात घालवलेली घरं मी पाहिली आहेत.

तिसरं जरा अवघड आहे. काही माणसं गोळी घेत नाहीत कारण त्यांना जगण्यातच रस उरलेला नसतो. कर्ज, दोन वर्षं पीक गेलेलं, मुलीचं लग्न राहिलेलं. "घेऊन तरी काय करायचंय" असं म्हणणारा माणूस आणि "मला काय धाड भरलीय" असं म्हणणारा माणूस, दोघंही गोळी घेत नाहीत. पण हे दोन वेगळे आजार आहेत. अण्णा झोपत नसतील, जेवण सुटलं असेल, माणसांत बसत नसतील, निरवानिरवीचं बोलत असतील, तर शुगर मागे ठेवा आणि आधी त्याबद्दल त्यांच्याशी सरळ बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. तुमच्या लिहिण्यावरून अण्णा पहिल्या प्रकारचे वाटत नाहीत. कारल्याचा रस पिणाऱ्या माणसाला जगायचं असतं.

आता मूळ मुद्दा. एकच माणूस कोरोनाला एवढा का भ्यायला आणि शुगरला का नाही?

१९९४ साली मी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला होतो. किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष झालेलं नव्हतं, तेवढ्यात ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडायला लागले आणि माणसांच्या जांघेत गाठी दिसायला लागल्या. प्लेग. पुढच्याच महिन्यात सुरतेची बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्या दिवसांत ज्याला साधी केसतोड झाली तोसुद्धा ओपीडीत काख वर करून उभा राहायचा. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधाच्या दुकानांतून गायब झाल्या. लोकांनी चिठ्ठी नसताना, आजार नसताना पंधरा-पंधरा दिवसांच्या घेऊन ठेवल्या होत्या. देशभरात मिळून त्या प्लेगनं गेलेल्यांचा आकडा पन्नासच्या आसपास होता. तेव्हा आमच्याच वॉर्डात बीपीनं मेंदूत रक्तस्राव झालेली माणसं यायची, त्यांच्याबद्दल गावात कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मला तेव्हा लोकांचा राग यायचा. अडाणी म्हणायचो मनात. पुढे कळलं की अडाणी मी होतो.

पॉल स्लोविक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे नीट मांडलंय. माणूस धोका मोजताना किती मेले हे फार बघत नाही. ते मरण किती भयंकर आहे, आपल्या हातात काही आहे का, एकदम पुष्कळ जण जातात का, आणि ही गोष्ट किती अनोळखी आहे, हे बघतो. प्लेग, कोरोना या सगळ्यात बसतात. शुगर यातल्या कशातच बसत नाही. ती मामाला आहे, सरपंचाला आहे, गुरुजींना तर वीस वर्षांपासून आहे आणि गुरुजी रोज सायकलवर फिरतात. घरातल्या जुन्या खुंटीसारखी ती कोणाच्या डोळ्यावर येत नाही. गल्लीतला मुलगा ३८ व्या वर्षी गेला ते मात्र अचानक, भरदिवसा, ओळखीच्या घरात घडलं. म्हणून अण्णा ईसीजीला गेले. ईसीजी नॉर्मल निघाला असणार, आणि माझी खात्री आहे की त्या कागदाचा उपयोग ते आता तुमच्याविरुद्ध करत असतील. "बघ, सगळं नॉर्मल हाय." (विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल असला म्हणून शुगर किंवा बीपी नाही असं होत नाही, हे त्यांना सांगावं लागेल; पण वादात नको, सहज.)

दुसरं कारण मला एका विंचवानं शिकवलं. एका पावसाळ्यात रात्री बाराला एक गडी आणला होता. घामानं निथळलेला, हातपाय गार, छाती धडधडतेय. लाल विंचू. मी प्राझोसिनची गोळी दिली. विंचूदंशावर या गोळीचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातलेच, काम मात्र त्यांनी कोकणात महाडला केलं. प्राझोसिन ही मुळात बीपीची गोळी आहे. त्या गड्यानं ती घेताना नाव विचारलं नाही, गरम पडते का विचारलं नाही, सवय लागेल का विचारलं नाही. महिन्याभरानं तो खोकल्यासाठी आला, बीपी पाहिलं तर १६८. पुन्हा दोनदा बोलावून पाहिलं, तेवढंच. गोळी सुरू करू म्हटलं तर म्हणाला, "डॉक्टर, दुखत तर काहीच न्हाई. मंग कामून घ्यायची?"

त्याचं चूक नाही. लाखो वर्षं माणसानं धोका अंगावरच्या खुणांवरून ओळखलाय. ताप, सूज, कळ, रक्त. आमच्या भागात शुगरची खूण म्हणजे लघवीला मुंग्या लागणं. ती खूण खोटी नाही, रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की ती लघवीत उतरायला लागते. पण मुंग्या दिसत नाहीत म्हणजे शुगर नाही, असं उलटं गणित लोक करतात तिथं घात होतो. संडास-बाथरूम झाल्यापासून तर मुंग्या कोणाला दिसणार?

हॉवर्ड लेव्हेंथाल या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बीपीच्या पेशंटांवर एक अभ्यास छापला होता. बीपी वाढलेलं माणसाला आपलं आपल्याला कळत नाही, हे तुम्हाला पटतं का, असं विचारलं तर बहुतेकांनी हो म्हटलं. आणि त्यातल्याच बहुतेकांनी पुढे सांगितलं की मला मात्र माझं कळतं. डोकं जड झालं, चेहरा गरम लागला, की समजायचं. मग तसं वाटलं की गोळी, नाही वाटलं की सुट्टी. हे वाचून मला हसू आलं, कारण माझी निम्मी ओपीडी हेच म्हणते.

यावर मी काय करतो ते सांगतो. व्याख्यान देत नाही. एक शाळेची वही देतो. घरी बीपीचं मशीन असेल तर रोज मोजण्याआधी पेशंटनं स्वतःचा अंदाज वहीत लिहायचा, "आज किती असेल?" मग मोजायचं आणि शेजारी खरा आकडा लिहायचा. आठ-दहा दिवस. "आज एकदम ब्येस वाटतंय, १२० असणार" म्हणून लिहिलेल्या दिवशी १६६ येतं, आणि "आज डोकं दुखतंय" त्या दिवशी १३८. माणूस स्वतःच स्वतःला पकडतो. मी सांगून जे दहा वर्षांत पटलं नसतं ते त्या दोन रकान्यांत पटतं. मोजण्याची पद्धत मात्र नीट हवी. पाच मिनिटं पाठ टेकवून शांत बसायचं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर, बोलायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर ते वाढलेलंच समजतात.

आकड्यावर विश्वास ठेवायला अण्णा शिकलेले नाहीत असं समजू नका. कापूस लावत असतील तर विचारा, कामगंध सापळे लावता का? गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, बाहेरून बोंड हिरवंगार. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली, हे त्यांना कृषी सहायकानं सांगितलेलं असतं आणि २०१७ साली ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं काय झालं हे त्यांनी बघितलेलं असतं. पेरणीआधी बियाण्याला बीजप्रक्रिया करतात, तेव्हा कुठे रोग दिसत असतो? मी हे उदाहरण शेतकऱ्याला देतो तेव्हा तो दोन मिनिटं गप्प होतो. मग बहुतेक वेळा एकच शंका काढतो, "पण डॉक्टर, फवारणी एकदा मारली की झाली. तुमच्या गोळीचं तसं कुठंय?"

हीच खरी अडचण, आणि इथं मला जरा सावकाश बोलायचंय.

आजाराबद्दल माणसाच्या मनात एक प्रश्न सगळ्यांत मोठा असतो, हे कधी संपणार? ताप तीन दिवसांत संपतो. हाड दीड महिन्यात जुळतं. ऑपरेशन एका दिवसात होतं. आम्ही डॉक्टर शुगरच्या पेशंटला पहिल्याच भेटीत काय सांगतो? "आता ही गोळी आयुष्यभर." त्या माणसाच्या कानात पडतं ते असं, की तू आजपासून आजारी माणूस, आणि यातून सुटका नाही. याउलट यात्रेतला काढेवाला म्हणतो, "तीन महिन्यांचा कोर्स, मुळापासून जाणार." धोका दोघंही तोच सांगतात. पण सुटकेचा दरवाजा एकटा काढेवाला दाखवतो, मग माणूस त्याच्याकडेच जाणार.

दरवाजा दिसला की माणूस भीतीपोटी काय काय करायला तयार होतो, याचं मराठवाड्यातलं उदाहरण फार वाईट आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या. २०१९ साली हा विषय राज्यभर गाजला, समिती बसली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. त्यामागे खाड्याचे पैसे कापणारा मुकादम आहे, उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचं, ओझं आहे, फडावर साधं न्हाणीघर नाही हे आहे. ते सगळं आहेच. पण माझ्या ओपीडीत पुढे कंबरदुखी घेऊन आलेल्या बायकांना मी विचारायचो, "तुम्ही हो का म्हणालात?" तर उत्तर ठरलेलं, "पिशवीला सूज हाय, काढली न्हाई तर कॅन्सर हुईल म्हणले. मंग एकदाचं काढूनच टाकलं." त्या "एकदाचं" या शब्दावर माझं मन अडकतं. पांढरं जाणं गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं. पण गोळ्यांचा कोर्स, पुन्हा तपासणी, पुन्हा गोळ्या, आणि मनात कॅन्सरचा किडा. ऑपरेशननं भीती मुळासकट गेली असं वाटलं. उचल वाढवून घेतली आणि पोट फाडून घेतलं.

तेव्हा आपली माणसं तब्येतीच्या बाबतीत बेफिकीर आहेत, हे मला कोणी सांगू नये. भीतीनं पोट फाडून घेणारी बाई आणि देवळीत गोळ्या ठेवणारा तिचा नवरा एकाच घरात राहतात.

म्हणून मी "आयुष्यभर" हा शब्द पहिल्या भेटीत काढत नाही. खोटंही बोलत नाही. म्हणतो, "तीन महिने घेऊ. तीन महिन्यांनी एचबीए१सी बघू, मग पुढचं दोघं मिळून ठरवू." ही तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे तपासणीआधी दोन दिवस भात बंद करून डॉक्टरला फसवता येत नाही, हेही हसत हसत सांगतो. तीन महिन्यांत रात्री लघवीला उठणं कमी होतं, थकवा उतरतो, चष्म्याशिवाय अंधुक दिसत होतं ते निवळतं. अंगावर खूण दिसली की चौथ्या महिन्याची गोळी मागायला तो स्वतः येतो. कोणी विचारलंच की किती दिवस, तर म्हणतो, भाकरी जितके दिवस खायची तितके दिवस. पण त्याने विचारल्यावर.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मीही तुमच्यासारखाच होतो. टेबलाच्या काचेखाली सडलेल्या पायाचा फोटो ठेवला होता. पन्नाशीचा एक माणूस आला, शुगर ३४०. मी त्याला तो फोटो दाखवला आणि आवाज चढवून सांगितलं, "गोळ्या घेतल्या नाहीत तर तुमचाही पाय असाच कापावा लागेल." तो पांढराफटक पडला. मला वाटलं, काम झालं. तो माणूस पुन्हा आला तो तीन वर्षांनी, अंगठा काळा पडलेला घेऊन. मी विचारलं, इतके दिवस कुठं होतात? तर बायको म्हणाली, "तुमच्या दवाखान्यावरनं जायचं बी टाळत व्हते. दुसऱ्या रस्त्यानं बाजाराला जायचे." फोटो मी त्याच दिवशी काढला. तुमचा फोन अण्णा आईच्या हातात देतात ना, तो हाच दुसरा रस्ता.

भीतीचं काम कसं चालतं यावर १९६५ मध्ये येल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, तोही लेव्हेंथाल यांचाच. विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल पुस्तिका दिल्या. काहींना सौम्य, काहींना भयानक फोटो असलेल्या. भयानक वाचणारे जास्त घाबरले, लस घ्यायची इच्छाही त्यांनी जास्त दाखवली. प्रत्यक्षात लस घ्यायला गेले ते फक्त ३ टक्के. दुसऱ्या काही जणांना त्याच पुस्तिकेसोबत दवाखाना कुठं आहे त्याचा नकाशा दिला, आणि तुमच्या आठवड्यातल्या कोणत्या फेरीत तिकडे जाता येईल ते ठरवा म्हटलं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. गंमत म्हणजे तो दवाखाना कॉलेजच्याच आवारात होता, सगळ्यांना माहीत होता. सौम्य पुस्तिका की भयानक, यानं फारसा फरक पडला नाही. भीती अजिबात नव्हती त्यांच्या हातात नुसता नकाशा देऊनही उपयोग झाला नाही, हेही त्यात दिसलं. थोडी भीती लागतेच. अण्णांकडे ती आहे. नकाशा तुम्ही द्यायचाय.

आमच्याकडे नकाशा म्हणजे बाजाराचा वार. "पंधरा दिवसांनी या" म्हटलं की कोणी येत नाही. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या बाजाराला भाजी घ्यायच्या आधी इकडून जा" म्हटलं की येतात. गोळीचंही तसंच. "सकाळ-संध्याकाळ" हवेत राहतं. "जनावरांना चारा टाकून आल्यावर, भाकरीचा पहिला घास खाल्ला की" असं सांगितलं की गोळीला जागा मिळते. एकादशीचं आधी बोलून ठेवा. उपवासाला गोळी चालत नाही म्हणून महिन्यातून दोनदा खंड पडतो, आणि त्याच दिवशी साबुदाण्यानं शुगर वर जाते. उपवास करायचाच असेल तर त्या दिवशी कोणती गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा, कारण काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

गोळीची जी भीती आहे तीही खरी माना. "इंग्लिश गोळीनं किडनी जाते" हे अण्णा म्हणालेच असतील. यात एक मेख आहे. शुगर आणि बीपी ताब्यात नसेल तर किडनी जाते, आणि ज्याची गेली त्याच्या घरात गोळ्यांचा डबाही असतो, म्हणून गावानं डब्याला दोषी धरलं. पण अण्णा कंबरदुखीसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणतात का, ते बघा. त्या रोज घेतल्या तर किडनीला खरंच धोका असतो, बीपीही वाढतं. त्या गोळ्यांना मात्र कोणी भीत नाही, कारण त्यांनी अर्ध्या तासात बरं वाटतं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं सुरुवातीला पोट बिघडतं, गॅस होतो, हे आधीच सांगा आणि जेवणासोबत घ्यायला लावा. आधी सांगितलं तर "डॉक्टर म्हणलेच होते" होतं, नंतर सांगितलं तर "मला सोसत नाही" होतं.

काढ्याशी भांडू नका. कारल्याचा रस पिऊ द्या, फक्त गोळ्या सुरू झाल्यावर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या तीन हजारांच्या बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, घटक काही छापलेलं नसेल तर मात्र ती डॉक्टरांना दाखवा. असल्या बिननावाच्या औषधांत शुगरच्या इंग्लिश गोळ्याच कुटून घातलेल्या सापडलेल्या आहेत. अण्णांना हे सांगून बघा, बहुधा त्यांना चीड येईल, आणि ती चीड काढेवाल्यावर निघेल, तुमच्यावर नाही.

आणखी एक. तुमच्या गावात शुगरच्या गोळ्या नियमित घेणारा आणि टुणटुणीत असलेला अण्णांच्या वयाचा माणूस शोधा. ते सायकलवाले गुरुजी चालतील. माझ्याकडे एक टेलरकाका आहेत, वीस वर्षांपासून गोळ्या घेतात आणि बारा आषाढ्या पायी केल्या. नवा पेशंट आला की मी त्यांना सहज चहाला बोलावतो. ते गोळ्यांबद्दल बोलतच नाहीत. पिशवीतून डबी काढतात, गोळी टाकतात, पाणी पितात आणि पंढरीच्या वाटेवरच्या गोष्टी सांगायला लागतात. कापलेल्या पायाचा फोटो पाहून माणूस तोंड फिरवतो, चालणाऱ्या पायांकडे बघत राहतो.

तुमच्यापुरतं काय करायचं, ते शेवटी लिहितो. व्हिडिओ बंद. पहिला फोन आईला न करता अण्णांनाच करा, आणि त्यात शुगरचा विषय काढू नका. तुरीला पाणी दिलं का, ते विचारा. असे दोन-तीन फोन झाले की म्हणा, "अण्णा, त्या दिवशी शिबिरातलं मशीन बरोबर होतं की नाही कुणास ठाऊक, मी येताना आपलं मशीन आणतो, बघू." तुमच्या गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर तिथं बीपी-शुगर फुकट तपासतात आणि गोळ्याही मिळतात. आशाताईंना विचारलं तर कोणत्या वारी जायचं ते सांगतील. गावी गेलात की वही पहिल्यांदा तुम्ही वापरा. तुमचा अंदाज लिहा, तुमचं बीपी अण्णांसमोर मोजा. पुण्यातल्या नोकरीत बसून तुमचं स्वतःचं किती आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मग मशीन अण्णांपुढे सरकवा आणि गप्प बसा.

मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. आणि सेलचं एक जादा पाकीट सोबत न्या. डब्यात येणारे सेल लवकर उतरतात, आणि एकदा का मशीन बंद पडलं की ते देवळीत गोळ्यांच्या शेजारी जाऊन बसतं.